कोइनोनिया फार्म : एका पंक्तीचे अर्थशास्त्र

अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्याचा इतिहास मराठी वाचकापर्यंत बहुतेक वेळा मोर्चे, खटले आणि भाषणे यांच्या रूपाने पोचतो. पण माँटगोमेरीतल्या प्रसिद्ध बस-बहिष्काराच्या तेरा वर्षे आधी, १९४२च्या नोव्हेंबरात, जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात दोन गोऱ्या कुटुंबांनी ४४० एकरांचे एक झिजलेले शेत घेतले. तिथे काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवायचे आणि एकाच दराने मजुरी घ्यायची, असा नेम त्यांनी घातला. शेताचे नाव कोइनोनिया फार्म. जागा समटर काउंटीतली, अमेरिकस या तालुकावजा गावापासून काही मैलांवर.

ही संस्था कधीच मोठी झाली नाही. ऐन भरात, १९५६ साली, तिथे साठेक माणसे राहत होती आणि त्यांतली सुमारे पाव कृष्णवर्णीय होती. तरीही तिच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. वर्णसमतेच्या कामात नेमके काय केले की भोवतालचा समाज चिडतो आणि काय केले की तो गप्प राहतो, हे इथे तारीखवार तपासता येते. माझे प्रतिपादन असे की सेवा समाजाला पचते, सहवासाकडे तो कुरकुरत का होईना काणाडोळा करतो, पण बरोबरीचा हक्क सार्वजनिक दारात जाऊन उभा राहिला की तो उठतो. त्या उठण्याला कोइनोनिया पुरून उरली ती व्यवहाराच्या रचनेच्या बळावर. नुसत्या उपदेशावर ती वर्षभरही टिकली नसती. आणि तिची स्वतःची उणीवही याच रचनेत होती.

तीन थर

विवेचनासाठी तीन गोष्टी वेगळ्या धरतो. पहिली सेवा: एकाकडचे दुसऱ्याकडे जाते, देणारा आणि घेणारा आपापल्या पायरीवर राहतात. दुसरी सहवास: एकत्र राहणे, एकत्र जेवणे. तिसरी समभाग: मजुरी, मालमत्ता आणि निर्णय यांत सारखा वाटा. कोणत्याही सलोख्याच्या संस्थेत हे तिन्ही थर कमी-अधिक असतात, आणि बाहेरून पाहणारा ते एकमेकांत मिसळून टाकतो. कोइनोनियाच्या बाबतीत ते सुटे करता येतात, कारण प्रत्येक थराची किंमत तिने वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रीतीने मोजली.

शेताचा कर्ता क्लेरन्स जॉर्डन. जन्म १९१२चा, जॉर्जियातल्याच टॅल्बटन गावचा. १९३३ साली जॉर्जिया विद्यापीठातून त्याने शेतीची पदवी घेतली, मग केंटकीतल्या लुईव्हिल येथील बॅप्टिस्ट सेमिनरीत नव्या कराराच्या ग्रीकचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. शेती आणि ग्रीक, ही जोडी पुढे फार कामाची ठरली. लुईव्हिलच्या काळ्या वस्तीत काम करताना त्याच्या ध्यानात आले की इथली माणसे मुळात गावाकडून उखडून आलेली आहेत. दक्षिणेत वाट्याने जमीन कसणाऱ्याला बियाणे, खत, खाणे सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर मिळे. हंगामअखेर हिशेब मालकच करी, आणि तो हिशेब क्वचितच कसणाऱ्याच्या बाजूने निघे. अशी माणसे शेवटी शहराची वाट धरत. तेव्हा काम करायचे तर उगमाशी करावे, असे जॉर्डनने ठरवले. ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून काम केलेले मार्टिन आणि मेबल इंग्लंड हे दांपत्य त्याला आणि त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिला येऊन मिळाले. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन आहे. सर्वांचे सर्व सामाईक, आणि ज्याला जशी गरज तसे त्याला. त्या सहभागासाठी तिथे जो ग्रीक शब्द येतो तेच शेताचे नाव झाले. शस्त्र धरायचे नाही, सर्व माणसे भावंडे मानायची, मालमत्ता सामाईक ठेवायची आणि जमिनीची निगा राखायची ही त्यांची सूत्रे.

पहिली आठ वर्षे

सेवेचा थर त्यांनी उत्तम बांधला, आणि तो बांधताना शेतकीचे शिक्षण वापरले. समटर काउंटीत अंड्यांचा धंदा जवळपास नव्हताच. जॉर्डनने कोंबड्या पाळून दाखवल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांना, काळ्या-गोऱ्या दोघांनाही, ते तंत्र शिकवले. पण मला त्यांची सगळ्यांत आवडणारी योजना गायींची आहे. वाचनालयातून पुस्तक न्यावे तशी शेजाऱ्याने दुभती गाय घरी न्यायची. पैसे काही नाहीत. गाय आटली की आणून द्यायची आणि दुसरी न्यायची. ज्या घरात पोरांना दूध मिळत नव्हते त्या घरात दूध पोचले.

या योजनेचे बारकावे पाहिले तर जॉर्डनची दृष्टी कळते. गाय दान दिली असती तर ती भाकड झाल्यावर तिला पोसण्याचा भार गरिबावर पडला असता, आणि बहुधा ती विकली गेली असती. कर्जाऊ दिली असती तर तीच जुनी उधारी पुन्हा उभी राहिली असती. इथे दुधाचा उपभोग शेजाऱ्याचा आणि भाकडकाळाची जोखीम शेताची. शिवाय घेणारा मिंधा होत नाही, कारण तो गाय परत करतोच. वरकरणी ही सेवा आहे, पण जोखीम कोणी उचलायची याचा विचार तिच्यात आहे, आणि तोच विचार पुढे सव्वीस वर्षांनी घरांच्या योजनेत पुन्हा आला.

सहवासाचा थर पंक्तीचा. मराठी वाचकाला पंक्तिभेद म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. जॉर्जियात काळा माणूस गोऱ्याच्या स्वयंपाकघरात रांधू शकत होता, वाढू शकत होता, मुले सांभाळू शकत होता. फक्त त्याच टेबलाशी बसू शकत नव्हता. कोइनोनियात दुपारचे जेवण सर्वांचे एकत्र होई, कामावर आलेले मजूर त्यात धरून. कू क्लक्स क्लॅनची माणसे लगोलग समज द्यायला आली. अशा माणसांवर आम्ही इथे सूर्य मावळू देत नाही, हा त्यांचा निरोप. सूर्य थांबवू शकणारी माणसे भेटावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, असे म्हणून जॉर्डनने त्यांचा हात हातात घेतला. हा प्रसंग तो स्वतः सांगत असे. सूर्य मावळला आणि काही झाले नाही. युद्धाच्या काळात शस्त्रविरोधी म्हणून त्यांच्यावर संशय होता, कुजबुज होती. पण बियाणे मिळत होते, बँक कर्ज देत होती, अंडी विकली जात होती.

पहिली फूट १९५० साली पडली, आणि तिचा संबंध एका भारतीयाशी आहे. फ्लोरिडात शेतीचे शिक्षण घेणारा एक हिंदू विद्यार्थी शेतावर पाहुणा आला. ख्रिस्ती उपासना कशी असते ते पाहायची त्याला उत्सुकता होती, म्हणून मंडळी त्याला जवळच्या रिहोबथ बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेली. सावळा माणूस पाहून चर्चमधल्यांनी तो वेष बदललेला नीग्रो असावा असा तर्क केला. तो भारतीय आहे असे सांगूनही उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्ये कोइनोनियाच्या सभासदांना मंडळीतून काढण्याचा ठराव आला. ठराव वाचून झाल्यावर मांडायला कोणी उठेना. सगळे खाली माना घालून बसलेले. तेव्हा फ्लॉरेन्स जॉर्डन उठली आणि वाचला तसाच तो मंजूर करावा अशी सूचना तिनेच केली. अनुमोदन मिळाले, मतदान झाले, नावे काढली गेली.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. शेतावरच्या जेवणाने आठ वर्षांत जे घडले नाही ते चर्चच्या बाकावर बसलेल्या एका पाहुण्याने घडवले. शेत ही खाजगी जागा होती, तिथला विटाळ तिथे राहत होता. चर्च मात्र गावाचे होते.

१९५६ आणि नंतर

यापुढचा टप्पा माझ्या प्रतिपादनाची खरी कसोटी आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात शाळांमधला वर्णविभाग घटनाबाह्य ठरवला. दक्षिणेत गोऱ्यांच्या नागरिक-समित्या उभ्या राहिल्या. मार्च १९५६ मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अटलांटातल्या एका सरकारी वाणिज्य महाविद्यालयात अर्ज करायचा होता आणि त्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या शिफारशी लागत होत्या. जॉर्डन शिफारस द्यायला अटलांटाला गेला. तिथे कळले की शिफारस त्याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्याची हवी; जॉर्डन राज्य विद्यापीठाचा, त्यामुळे तो नियमात बसत नव्हता. सही झालीच नाही. पण बातमी झाली. राज्यपाल मार्विन ग्रिफिन यांनी समटरच्या शेरीफकडे या माणसाची चौकशी केली, आणि थोड्याच दिवसांत फोनवरून धमक्या सुरू झाल्या.

पुढची साखळी वेगाने उलगडते. शेताचा महामार्गावरचा विक्रीचा स्टॉल १९५६च्या उन्हाळ्यात स्फोटाने फोडला गेला, जानेवारी १९५७ मध्ये दुसऱ्या स्फोटात तो पुरता गेला. घरांवर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. मुलांच्या मिश्र उन्हाळी शिबिराला स्वच्छतेचे कारण दाखवून कोर्टाकडून मनाई आणली गेली. शिबिर टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये हलवावे लागले. फेब्रुवारीत क्लॅनच्या मोटारींची लांबच लांब रांग शेतावर आली, जमीन विकून निघा म्हणून सांगायला. काउंटीच्या ग्रँड ज्युरीने चौकशी केली ती स्फोट करणाऱ्यांची नव्हे, तर कोइनोनियाची. त्यांचे कम्युनिस्टांशी लागेबांधे असल्याचा आणि स्फोट त्यांनीच घडवल्याचा सूर तिच्या अहवालात होता. कॅथलिक कामगार चळवळीच्या डोरोथी डे १९५७च्या ईस्टरच्या सुमारास तिथे आल्या आणि रात्रीच्या पहाऱ्याला बसल्या. त्या बसलेल्या गाडीवर गोळ्या आल्या. सुदैवाने इजा झाली नाही.

पण गोळ्यांपेक्षा मोठा मार बहिष्काराचा होता. बियाणे नाही, खत नाही, इंधन नाही, यंत्रांचे सुटे भाग नाहीत, बँकेचे कर्ज नाही. विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या. खाद्य मिळेना आणि अंडी कोणी घेईना, तेव्हा अंडी देणाऱ्या हजारो कोंबड्या काढून टाकाव्या लागल्या. ज्या धंद्याने काउंटीला चार पैसे मिळवायला शिकवले तोच आधी बुडाला.

हा बहिष्कार का आला याची तीन-चार स्पष्टीकरणे दिली जातात. धंद्याची असूया हे एक: शेताचा स्टॉल आणि अंडी स्थानिकांना डोईजड झाली होती. कम्युनिझमचा बागुलबुवा हे दुसरे, सामाईक मालमत्तेमुळे सहज चिकटणारे. युद्धविरोध हे तिसरे. या तिन्हींत तथ्य आहे, पण त्यांतले एकही कारण १९५६ मध्ये नवे नव्हते. मालमत्ता पहिल्यापासून सामाईक होती, युद्धविरोध तर ऐन महायुद्धात होता, अंडी दशकभर विकली जात होती. नवे होते ते दोनच: न्यायालयाच्या निकालाने निर्माण झालेली भीती, आणि जॉर्डनचे सरकारी महाविद्यालयाच्या दारापर्यंत जाणे. म्हणूनच मी ‘सार्वजनिक दार’ हे निर्णायक कारण मानतो. बाकीची कारणे त्याला नंतर मिळालेले इंधन आहेत.

बहिष्कार चालवायला गावातला प्रत्येक माणूस द्वेष्टा असावा लागत नाही. वाळीत टाकण्याची पद्धत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असते. बहुतेक दुकानदार भीतीपोटी सामील होतात. आपण माल दिला तर आपलेच गिऱ्हाईक तुटेल, आणि पहिले आपण का व्हायचे, एवढा हिशेब पुरतो. ही भीती निराधार नव्हती. मे १९५७ मध्ये अमेरिकसमधल्या एका खाद्य-बियाण्याच्या दुकानाने कोइनोनियाला पुन्हा माल द्यायला सुरुवात केली, आणि ते दुकान स्फोटाने उडवले गेले. आसपासच्या इमारतींचेही नुकसान झाले. आता पाहा, याचा परिणाम काय झाला. गावातली प्रतिष्ठित व्यापारी मंडळी हादरली, त्यांनी बैठक घेतली, आणि त्यांचे शिष्टमंडळ शेतावर गेले ते कोइनोनियाला गाव सोडण्याची विनंती करायला. गावाची शांतता भंगते आहे, तुम्ही गेलात तर ती परत येईल, असे त्यांचे म्हणणे. स्फोट करणाऱ्याला शोधण्यापेक्षा ज्याच्यामुळे स्फोट होतो त्याला घालवणे सोपे, हा सभ्य माणसांचा तर्क मला क्लॅनच्या मोटारींपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. त्या शिष्टमंडळात कोणी गुंड नव्हते.

कोंडी फुटली कशी

जॉर्डनने यावर शोधलेला उपाय शेतीशास्त्राचा आणि व्यापाराचा होता. अंडी नाशवंत, जड, फुटणारी. ती पंचवीस-तीस मैलांत विकली गेली पाहिजेत. म्हणजे ती पूर्णपणे स्थानिक गिऱ्हाइकाच्या हातात. त्याऐवजी पेकान घ्या. हा अक्रोडाच्या जातकुळीतला सुकामेवा त्या भागात भरपूर पिकतो. टिकतो, वजनाच्या मानाने भाव चांगला मिळतो, खोक्यात भरून कुठेही पाठवता येतो. आणि पाठवायचा कशाने? टपालाने. टपालखाते वॉशिंग्टनचे, काउंटीचे नव्हे. पत्ता पाहून पार्सल नाकारण्याचा अधिकार गावच्या पोस्टमास्तरला नाही. न्यू यॉर्क, शिकागो इथल्या समर्थकांची यादी हीच नवी बाजारपेठ झाली. पेकान आणि फ्रूटकेकची टपालविक्री त्या वर्षांत सुरू झाली आणि शेताचा तो आजही एक मुख्य आधार आहे. विम्याचा प्रश्नही असाच सुटला. देशभरातल्या मित्रांनी थोड्याथोड्या रकमेची हमी लिहून दिली: आग लागली, स्फोट झाला, तर आम्ही भरून देऊ.

दोन्ही उपायांत तत्त्व एकच आहे. स्थानिक सत्तेची पकड स्थानिक बाजारात असते. माल आणि जोखीम तिच्या आवाक्याबाहेर नेली की पकड सुटते. १९५०च्या दशकात दक्षिणेतल्या किती सद्भावी संस्था गाशा गुंडाळून गेल्या ते पाहिले म्हणजे या खोक्यांचे महत्त्व कळते.

बहिष्काराची सगळ्यांत जड किंमत मात्र मुलांनी दिली, आणि तिला टपालाचा उपाय नव्हता. १९६० मध्ये अमेरिकस हायस्कूलने कोइनोनियाच्या गोऱ्या मुलांना प्रवेश नाकारला. प्रकरण संघीय न्यायालयात गेले आणि न्यायाधीश विल्यम बूटल यांनी प्रवेशाचा आदेश दिला. याच बूटल यांनी काही महिन्यांनी जॉर्जिया विद्यापीठाचे दार पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडून दिले. आदेशाने वर्ग मिळाला, सोबती मिळाले नाहीत. ग्रेग विटकँपर हा मुलगा १९६५ साली तिथून उत्तीर्ण झाला. चार वर्षे त्याच्याशी जवळपास कोणी बोलले नाही; मारहाण झाली, थुंकले गेले. पदवीदानाच्या वेळी त्याची हुर्यो उडवली गेली. २००६ मध्ये त्याच वर्गातल्या काहींनी त्याला पत्रे लिहिली, माफी मागितली आणि स्नेहमेळाव्याला बोलावले. मधे ४१ वर्षे गेली होती. आईबापांनी घेतलेल्या व्रताचा भार मुलांवर टाकावा का, हा प्रश्न या इतिहासात अनुत्तरित आहे. माझे मन त्याबाबतीत त्या मुलाकडे झुकते.

काळ्या शेजाऱ्यांचा प्रश्न

आता उणिवेकडे. वर्णसलोख्याची संस्था, आणि तिचे पूर्ण सभासद बहुतांशी गोरे. असे का? धोका हे उघड कारण. गोऱ्या सभासदाला गोळीची भीती होती. काळ्या कुटुंबाला तीच भीती होती आणि शिवाय काउंटीभर पसरलेले नातेवाईक होते, ज्यांची कामे आणि घरे गोऱ्या मालकांच्या मर्जीवर होती. बहिष्काराच्या काळात बरीच कुटुंबे दूर गेली, काही न्यू जर्सीतल्या भगिनी-वसाहतीत. पण दुसरे कारण मला अधिक मूलगामी वाटते. कोइनोनियात येणाऱ्याने मालमत्तेवर पाणी सोडायचे होते. सेमिनरी शिकलेल्या माणसाला हा त्याग उदात्त वाटतो, कारण सोडायला त्याच्याकडे काहीतरी असते. ज्याच्या तीन पिढ्यांनी दुसऱ्याची जमीन कसली, ज्याच्या नावावर एक गुंठाही कधी नव्हता, त्याने काय सोडायचे? त्याला जमीन हवी होती. समतेची जी भाषा एकाला मुक्त करीत होती ती दुसऱ्याला अपुरी पडत होती.

दरम्यान काळ्यांची स्वतःची चळवळ उभी राहिली. १९६१-६२ मध्ये शेजारच्या ऑल्बनीत, १९६३ मध्ये खुद्द अमेरिकसमध्ये मोर्चे निघाले, धरपकड झाली, किशोरवयीन मुलींना लीसबर्गच्या कोठडीत आठवडेच्या आठवडे डांबले गेले. विद्यार्थी कार्यकर्ते विसाव्याला कोइनोनियात येत. जॉर्डन मात्र मोर्च्यांत उतरला नाही. दबाव आणि बहिष्कार ही साधनेच त्याला पटत नव्हती; बहिष्काराचा चटका त्याने स्वतः सोसला होता. या भूमिकेचा मी आदर करतो, पण ती पुरेशी होती असे म्हणवत नाही. हॉटेलांची, शाळांची आणि मतपेटीची दारे उघडली ती कायद्याने आणि मोर्च्यांनी.

त्याचे या काळातले मोठे काम लेखणीचे. पौलाची पत्रे आणि शुभवर्तमाने त्याने ग्रीकमधून थेट जॉर्जियाच्या बोलीत आणली. ‘कॉटन पॅच’ या नावाने ही रूपांतरे १९६८पासून प्रसिद्ध झाली. त्यांत यरुशलेमच्या जागी अटलांटा आहे, यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्या जागी गोरे आणि काळे, आणि क्रुसाच्या जागी जमावाने दिलेला फास.

घर आणि व्याज

१९६०च्या दशकाच्या मध्यावर शेतावर जेमतेम दोन कुटुंबे उरली होती, जॉर्डन आणि विटकँपर. शेत विकावे की काय असा विचार चालला असताना मिलर्ड फुलर हा अलाबामातला तरुण लक्षाधीश पत्नी लिंडासह तिथे आला. संसार मोडता मोडता दोघांनी संपत्ती वाटून टाकायचे ठरवले होते. १९६८ मध्ये जॉर्डन आणि फुलर यांनी ‘कोइनोनिया पार्टनर्स’ ही नवी मांडणी केली, आणि वरच्या उणिवेचे उत्तर तिच्यात आहे. शेजाऱ्याने मालकी सोडावी ही अट गेली. उलट शेजाऱ्याला मालकी मिळवून द्यायची, पण ती मिळवण्याच्या वाटेवरचे व्याज आणि नफा काढून टाकायचा.

रचना अशी. देणग्या, बिनव्याजी उसने आणि शेताचा नफा यांतून ‘मानवता निधी’ उभा करायचा. त्यातून शेताच्या जमिनीवर साधी, पक्की घरे बांधायची. घर उत्पादनखर्चात, हप्ते वीस वर्षांचे, व्याज शून्य. आणि आलेला प्रत्येक हप्ता पुन्हा निधीत, पुढच्या घरासाठी. व्याजाचे महत्त्व आकड्याने पाहू. समजा घराला ६,००० डॉलर लागले. वीस वर्षांत, म्हणजे २४० हप्त्यांत, बिनव्याजी फेडायचे तर महिना २५ डॉलर. हीच रक्कम सहा टक्के व्याजाने घेतली तर महिना सुमारे ४३ डॉलर, आणि एकूण फेड १०,३०० डॉलरच्या वर. म्हणजे २५ आणि ४३ यांच्यामध्ये जी माणसे अडकली होती, त्यांना घर देणारी ही योजना होती. त्यांना बँक मुळात उभे करीत नसे, हा भाग वेगळाच. गायीच्या योजनेत भाकडकाळाची जोखीम शेताने घेतली होती, इथे व्याजाचा भार निधीने घेतला.

पहिले घर बो आणि एमा जॉन्सन या कृष्णवर्णीय दांपत्याचे. ते बांधले जात असतानाच, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, जॉर्डन आपल्या लिखाणाच्या खोपटात हृदयविकाराने गेला. वय ५७. मृत्यूची नोंद करणारा अधिकारी शेतावर यायला तयार झाला नाही; फुलरने मृतदेह गाडीत घालून गावात नेला. मालवाहू खोक्यातून त्याला शेतावरच पुरले, वर नावाचा दगडही नाही.

फुलर कुटुंबाने हीच रचना पुढे झैरमध्ये वापरली आणि १९७६ मध्ये कोइनोनियातल्याच एका बैठकीतून ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही घरे बांधणारी संस्था जन्मली. जिमी कार्टर याच समटर काउंटीतले, प्लेन्स गावचे; अध्यक्षपद सोडल्यावर १९८४पासून ते या कामात उतरले. २००६ मध्ये कार्टर दांपत्याचा वार्षिक बांधकाम-आठवडा लोणावळ्याजवळ, मळवलीच्या परिसरातल्या पाटण गावी झाला आणि १०० घरे उभी राहिली. त्या घरांच्या मुळाशी एका वाळीत टाकलेल्या शेताचा निधी आहे, हे तेव्हा आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही. या विस्तारात एक गोष्ट मात्र मागे राहिली. हॅबिटॅटला जगभर दारे उघडली ती ती सेवेच्या थरावर उभी असल्यामुळे. पंक्तीचा आग्रह तिच्याबरोबर प्रत्येक ठिकाणी गेला नाही. घरे लाखोंना मिळाली याचे मोल मी कमी करीत नाही.

जमिनीच्या प्रश्नाला शेजारच्या ली काउंटीत दुसरे उत्तर शोधले गेले, तेही १९६९ मध्येच. ऑल्बनीच्या चळवळीतले चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने सुमारे ५,७०० एकर जमीन विश्वस्त पद्धतीने घेतली: जमीन समाजाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. अमेरिकेतला हा पहिला सामुदायिक भूमिन्यास मानला जातो. त्याची घडण करण्यात हातभार लावणारे बॉब स्वान यांच्यासमोर विनोबांच्या ग्रामदानाचा नमुना होता. रायगडच्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा विचार जॉर्जियाच्या भुईमुगाच्या शिवारात असा पोचला. दुष्काळ आणि सरकारी शेतीकर्जातला वर्णभेद यांमुळे १९८५ मध्ये ती जमीन हातची गेली. पुढे भेदभावाच्या दाव्यात मोठी भरपाई मिळाली आणि तीतून नवी जमीन घेण्यात आली. दोन उत्तरांतले अधिक धाडसी हे होते असे मला वाटते. ते काळ्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने रचले गेले होते.

निर्णय कोणाचा

कोइनोनियात मात्र तिसऱ्या थरातला एक भाग बाकीच होता. घरे मिळाली, पेकानच्या कारखान्यात कामे मिळाली, मजुरी सारखी होती. पण धोरण ठरवत होते ते वस्तीवर राहणारे पूर्णवेळ ‘पार्टनर’, आणि ते बहुतेक गोरे. कृष्णवर्णीय शेजारी कर्मचारी होते. त्यांनी हे बोलून दाखवले. १९९३ मध्ये सामाईक थैलीची पद्धत मोडून संस्था पगारी कर्मचारी आणि संचालक मंडळ असलेली नेहमीच्या घडणीची केली गेली, निर्णयात शेजाऱ्यांना बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून. हेतू रास्त होता. मात्र त्या वर्षांत आर्थिक ओढाताण झाली, कर्ज झाले, जमीन विकावी लागली. आणि २००५ मध्ये मंडळी पुन्हा सामाईक जीवनाकडे वळली. सामाईक जीवन ठेवले तर त्यात शिरणारे थोडे आणि एकाच प्रकारचे. ते सोडले तर शेताला धरून ठेवणारी माणसे पांगतात. या पेचातून कायमची वाट कोइनोनियाला सापडलेली नाही. शेत आजही चालू आहे, पेकानची खोकी टपालाने जातात आणि दुपारचे जेवण एकत्र होते.